रोवणीचं पाकीट

आमचं डाकतिकिटं जमवणाऱ्यांचं मंडळ आहे, तुमसरात. नुसतं 'तिकीट मंडळ' म्हटलं की समोरचा विचारतो, "कोणत्या नाटकाचं जी?" आमच्या झाडीपट्टीत तिकीट म्हणजे नाटकाचंच. तर तसं नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका शाळेची खोली उघडून बसायचं, अल्बम काढायचे, अदलाबदल करायची आणि चहा पिता पिता एकमेकांच्या संग्रहाला नावं ठेवायची, एवढाच आमचा उद्योग. मी या मंडळाची सचिव. पोस्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणून ही घंटा माझ्या गळ्यात बांधली गेली. एकदा बांधली म्हटल्यावर मी ती वाजवतेच. अर्धवट सोडणं माझ्या अंगात नाही. आमचे हे म्हणतात, याला हेकटपणा म्हणतात. म्हणोत.

आमच्यातले निम्मे लोक धानवाले. रोवणी लागली, म्हणजे चिखल करून धानाची रोपं शेताच्या बांधीत लावायचे दिवस आले, की तुमसरला बैठकीला यायची कोणाची बिशाद? घरची बाईच काठी घेऊन उभी राहील. म्हणून फार पूर्वीपासून आमच्यात एक रीत आहे. रोवणीच्या दिवसांत बैठक नाही, त्याऐवजी एक पाकीट फिरतं. जाड कापडी पाकीट, त्यात तिकिटं, जुने लिफाफे. ते डाकेनं एका सभासदाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जातं. नियम दोनच. एक घेतलं तर एक ठेवायचं. आणि रांग मोडायची नाही. बपेऱ्याचे गुरुजी, मग मी, मग तुमसरातलेच बँकवाले काका, मग नाकाडोंगरीची बाई, आणि शेवटी पवनीकडचा भाऊ. त्याच्याकडून पुन्हा बपेऱ्याला. याला आम्ही रोवणीचं पाकीट म्हणतो.

लॉकडाऊन लागला तेव्हा बैठक बंद, शाळा बंद, माझ्या दुकानाचं शटरही बंद. मोबाईलवरच्या आमच्या ग्रुपवर तिकिटांचे फोटो यायचे ते थांबले आणि काढ्याच्या कृती येऊ लागल्या. मग काढे संपले आणि श्रद्धांजल्या सुरू झाल्या. एकदा फोनवरच सगळ्यांची तोंडं पाहत बैठक घ्यायचा प्रयत्न केला. गुरुजींचा अर्धा कान दिसत होता, बपेऱ्यात तेवढंच नेटवर्क. बँकवाले काका ओरडून ओरडून विचारत होते, "मी दिसून राहिलो का? मी दिसून राहिलो का?" दिसत नव्हते. अर्ध्या तासात सगळे वैतागून निघून गेले, आणि मंडळ गुंडाळावं असं दोघा-तिघांनी लिहिलं.

मला राग आला. गुंडाळायला ती काय चटई आहे? मी ग्रुपवर लिहिलं, "समजा रोवणी लागली. लांबली तर लांबली. पाकीट निघून राहिलं आहे."

आमचे हे म्हणाले, "लोकं मरून राहिले अन् तुले तिकिटं सुचून राहिले? बह्याड झाली का तू?"

"मरून राहिले म्हणूनच," मी म्हटलं. "जितं कोण आहे हे पाकिटानं तरी समजन."

पोस्ट चालू होतं, हे एक बरं. पाकीट बपेऱ्याला पाठवलं आणि तिथून परत माझ्याकडे आलं ते भरगच्च होऊन. गुरुजींनी बंद दाराआड बसून जुन्या पेट्या उपसल्या होत्या. मी हात धुऊन, तोंडाला रुमाल बांधून एकेक वस्तू काढत होते, आणि एक लिफाफा हातात आला तसा माझ्या तोंडून "अरे बाप्पा!" निघालं.

हे समजायला पवनीकडचा भाऊ समजला पाहिजे. त्याचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. धान पिकवणारं घर होतं ते. जमीन पाण्याखाली गेल्यावर तो जाळं टाकायला शिकला आणि ज्या पाण्यानं गाव घेतलं त्याच पाण्यात मासोळ्या मारून पोट भरतो. आमच्या मंडळात आला तेव्हा म्हणाला, मले तिकिटं नाही पाहिजे, शिक्के पाहिजे. आम्ही हसलो. म्हणजे लोक केळं खातात आणि हा सालं मागतो! पण त्याचं कारण वेगळं होतं. त्याचा बाप गावचं डाकघर चालवायचा. डाकघर म्हणजे त्यांच्याच घराची ओसरी. रोज सकाळी बाप पत्रांवर गावाच्या नावाचा गोल शिक्का मारायचा, आणि हा लहानपणी त्या ठक-ठक आवाजानं उठायचा. गाव उठलं त्या साली बाप गेला. घर गेलं, ओसरी गेली, शिक्का सरकारजमा झाला. बापाचा एक धड फोटोही याच्याकडे नाही. त्याला फक्त एक पत्र पाहिजे होतं, ज्यावर बापाच्या हातचा ठोका असेल. सगळ्या जिल्ह्यातल्या गावांचे शिक्के त्याच्या वहीत जमले होते. तेवढा एक नव्हता.

नव्या वसाहतीत आता डाकघर आहे. तिथल्या शिक्क्यावर जुन्याच गावाचं नाव आहे, पुढे 'पुनर्वसन' हा शब्द लावून. तो शिक्का मात्र त्यानं कधी वहीत लावला नाही. आम्हाला पत्र टाकायचं असलं तरी सायकल हाणत पवनीला जायचा, पण घराशेजारच्या पेटीत टाकायचा नाही. मी एकदा विचारलं, काहून बा एवढा त्रास? तर म्हणाला, "ते माहं गाव नोहे ताई. ती वसाहत आहे." 

तर गुरुजींच्या त्या लिफाफ्यावर तोच शिक्का होता. नुसतं गावाचं नाव, पुढे काही नाही. गुरुजींच्या कोण्या सोबत्यानं तिथल्या शाळेतून पाठवलेलं पत्र. वर गाईचं साधं तिकीट, ज्याला आमच्यात कोणी फुकटही घेत नाही, आणि ठोका नेमका अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते त्याच्या वहीत आहे, तिथंच राहू द्या.

मी भाऊला फोन लावला. "बस खाली," म्हटलं, "तुह्या बाचा शिक्का येऊन राहिला."

  तो म्हणाला, "ताई, खरं?"

"तुह्याशी खोटं बोलून मले काय भेटन? म्हणशील तर उद्याच वेगळा पाठवते."

"नोको जी. रांगेनं येऊ द्या. आपली रीत आहे. एवढे वर्ष थांबलो, अजून दोन घरं थांबीन."

मी ग्रुपवर ठळक अक्षरात लिहिलं, की पाकिटातला तो जुना लिफाफा कोणी घ्यायचा नाही, तो पवनीच्या भाऊचा आहे. आणि पाकीट बँकवाल्या काकांकडे रवाना केलं.

आता या काकांचं सांगते. बँकेत रोखपाल होते, निवृत्त झालेले. हयातभर नोटा मोजलेला माणूस, त्यामुळे हाताला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल आधीच किंतु. त्यात त्यांचा सख्खा भाऊ नागपुरात पहिल्या लाटेत गेला आणि यांना तोंड पाहायला मिळालं नाही. तेव्हापासून ते भाजी धुवायचे, दुधाची पिशवी धुवायचे, नोटा धुऊन दोरीवर वाळत घालायचे. सगळं तुमसर हसायचं. मीही हसले आहे.

पाकीट त्यांनी पुढे नाकाडोंगरीला पाठवलं आणि आठवड्यानं मला फोन केला. आवाजात नुसतं समाधान. "मॅडम, काळजी करू नका. मी समदं धुऊन पाठवलं."

"काय धुतलं?"

"समदं. कोमट पाण्यात साबण टाकून. तिकिटं मस्त सुटली, सावलीत पेपरावर वाळवली. एक बी फाटलं नाही. कोरोनाचा बाप बी राहिला नसन त्याच्यात."

 तिकीट सोडवायची ही आमची नेहमीची पद्धत. कोमट पाण्यात लिफाफ्याचा तुकडा टाकायचा, डिंक सुटतो, तिकीट कागदावरून घसरतं. तिकीटवाल्याच्या लेखी मग तिकीट म्हणजे सोनं आणि कागद म्हणजे कचरा. काकांनी तर वर फुशारकी मारली, "तो भाऊचा लिफाफा मी घेतला नाही बरं का. त्याचंही तिकीट इमानदारीनं पाकिटात टाकलं."

"अन् कागद?"

"कागदाचं काय करता?"

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाढवापुढे वाचली गीता, एवढंच सभ्य आहे त्यातलं. मी तशीच मास्क बांधून त्यांच्या घरी गेले. फाटकाच्या आत घेईनात. फाटकाबाहेरून मी आणि ओसरीवरून ते, असं आमचं भांडण झालं, शेजारपाजारचे खिडक्यांत उभे. शेवटी काकूंनी चुलीपाशी ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून तो लिफाफा शोधला. काकांनी तो सांडशीत धरून फाटकावरून माझ्याकडे दिला. शिक्क्याची शाई तेलकट असते, पाण्याला दाद देत नाही, म्हणून कागदावरचा अर्धा ठोका शाबूत होता. तिकिटाच्या जागी कोरा चौकोन, आणि त्याच्या कडेपासून गावाच्या नावाची शेवटची अक्षरं सुरू. आधीची अक्षरं गाईवर बसून नाकाडोंगरीला गेली होती.

आणि पवनीच्या भाऊला सांगायचं कोणी? सचिवानं. मी सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला येतं. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई. आमचं सारं पाण्यातच गेलं. हेबी पाण्यातच गेलं." आणि फोन ठेवला. नंतर मी लावला तर उचलेना.

त्या दिवशी मी रडले. खोटं काय सांगू? मग डोळे पुसले आणि ठरवलं, हे दोन तुकडे जोवर एका कागदावर येत नाहीत तोवर हे पाकीट थांबू द्यायचं नाही. थांबलं की सगळे आपापल्या दारात अडकणार, तो अर्धा शिक्का कुठल्या घरी आहे हे कोणाला कळणारही नाही.

नाकाडोंगरीच्या बाईला फोन केला. तीही धानाच्या घरची, मोठी हौशी, फक्त जनावरांची तिकिटं जमवते. वाघ, हत्ती, बैल, काहीही. "माय गे," ती म्हणाली, "तुमी लिफाफा घेऊ नोका म्हणून सांगतलं होतं. लिफाफा तं त्याच्यात नव्हताच. सुटी गाय होती, घेतली मी. मोर ठेवला तिच्या जागी. चिपकवलीबी."

"कायनं चिपकवली?"

"भाताच्या खळीनं. अजून कायनं?"

कपाळ! आमच्यात कितीदा सांगून झालं की तिकीट खळीनं चिकटवू नका, पण धानाच्या मुलखात घरोघरी भात, पालथ्या घड्यावर पाणी. तरी जीव भांड्यात पडला. म्हटलं, जशी आहे तशी राहू दे, हात लावू नको, मी येते. येते म्हणाले खरी, पण त्याच आठवड्यात तिच्या गल्लीत कोरोना निघाला आणि बंदीचे बांबू लागले. मग तिचा नवरा आजारी, मग ती, दोघंही भंडाऱ्याला दाखल. घराला कुलूप. ती बाई जगते की नाही हेच कळत नव्हतं, आणि मी तिकिटाचं काय विचारणार? मी फोन करायचे आणि फक्त विचारायचे, जेवली का? पाकीट मात्र तिनं दवाखान्यात जायच्या आधी डाकेत टाकलं होतं. त्या तापात. असे आमचे लोक.

पाकीट भाऊकडे गेलं. तिथं अडेल असं वाटलं होतं. अडलं नाही. त्यानं काही घेतलं नाही, काही ठेवलं नाही, पण रांग मोडली नाही, बपेऱ्याला पाठवून दिलं. गुरुजींनी फोनवर सांगितलं, वर शिक्का नेहमीसारखा पवनीचा. तेवढ्यावर मी समजले की माणूस रागावला आहे, पण सुटलेला नाही.

बँकवाल्या काकांनी राजीनाम्याचा निरोप पाठवला. मी म्हटलं, "घेत नाही. घाण करून पळून जायची सोय आपल्या मंडळात नाही. पुढच्या फेरीत पाकीट तुमच्याकडे येईल. उन्हात ठेवा, चार दिवस खोलीत कोंडा, पण पाणी दाखवलं तर माझ्याशी गाठ आहे." त्यांनी खरंच ते वेगळ्या खोलीत ठेवलं आणि रोज खिडकीतून पाहायचे म्हणे.

दुसऱ्या लाटेत बपेऱ्याचे गुरुजी गेले. त्यांचं वाक्य असायचं, तिकीट म्हणजे गेलेलं पत्र, परत येत नाही म्हणून जपायचं.  रांगेतून त्यांचं नाव काढायचं का, असं काकांनी भीत भीत विचारलं. मी म्हटलं, नाही काढायचं. पाकीट त्यांच्याच नावानं बपेऱ्याला पाठवलं. हे म्हणाले, "अवं, गेलेल्या माणसाले पाकीट पाठवून राहिली तू?"  पाकीट परत आलं. गुरुजींच्या सुनेनं त्यांच्या अल्बममधलं एक तिकीट त्यात ठेवलं होतं आणि एक काढून घेतलं होतं. तिला तिकिटांतलं ओ की ठो कळत नाही. पण रीत तिला माहीत होती. मी दुकानात बसून ते पाकीट छातीशी धरलं, कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, झेरॉक्सवाली कामातून गेली.

नाकाडोंगरीची बाई मात्र वाचली होती, गुरुजी जायच्या कितीतरी आधी. नवराही वाचला होता. बरी होऊन घरी आल्यावर तिनं पहिला फोन मला केला. म्हणाली, "ताई, गाय जाग्यावर आहे. तुमी येऊ नोका, मीच येतो. त्या माणसाच्या घरी मलेच नेऊन देऊ द्या."

सगळं उघडल्यावर, धान कापून झाल्यावर, आम्ही एका रविवारी निघालो. बैठक शाळेत न घेता पवनीकडे त्या वसाहतीत घ्यायची, असं मीच ठरवून टाकलं. कोणाला विचारलं नाही. भाऊला फक्त कळवलं. काका गाडीत, मास्क नाकापर्यंत, मांडीवर डिंकाची नवीकोरी बाटली.

भाऊ दारात उभा होता. मला म्हणाला, "या ताई." काकांना काही म्हणाला नाही. आतून सतरंजी आली, पाणी आलं, चहा आला. शेवटी नाकाडोंगरीच्या बाईनं पिशवीतून आपल्या जनावरांच्या अल्बमचं एक अख्खं पान काढलं, कात्रीनं कापलेलं. मधोमध गाय, आजूबाजूला तिची बाकीची जनावरं जशीच्या तशी.

"अवं, पूर्ण पान काहून कापलं तू?" मी म्हटलं.

"गाय एकटी काढली असती अन् फाटली असती तं? राहू द्या. जीव वाचला माहा, चार जनावरं गेली तं गेली."

पान भिजवणं भाग होतं, त्याशिवाय खळ सुटणार नव्हती. मी भाऊकडे पाहिलं. पाण्याचं नाव त्याच्यासमोर काढायचं कसं? तो स्वतःच उठला आणि परातीत कोमट पाणी घेऊन आला. पान त्यात सोडलं. आम्ही सगळे परातीभोवती उकिडवे बसलो. काका भिंतीला टेकून लांब उभे. बऱ्याच वेळानं खळ पांढरी होऊन पाण्यात उतरली आणि गाय अलगद सुटली. भाऊनं ती दोन बोटांनी उचलली, लुगड्याच्या जुन्या तुकड्यावर ठेवली, टिपली. मी लिफाफा काढून समोर ठेवला.

डिंकाची बाटली मी घेणार तेवढ्यात तो म्हणाला, "तुमी नोका ताई." आणि भिंतीकडे पाहून, "काका, इकडे या. तुमी सोडवलं, तुमीच चिपकवा."

काका आले. खाली बसले. बाटलीचं झाकण मी उघडून दिलं. डिंक लावला, तिकीट कोऱ्या चौकोनावर टेकवलं, आणि केसभर सरकवत सरकवत शिक्क्याची अर्धी रेघ अर्ध्या रेघेला आणून भिडवली. गोल पुरा झाला. गावाचं नाव सलग वाचता आलं. काका म्हणाले, "मला माफ करजो रे बाबा," आणि रडायला लागले. भावाच्या नावानं रडले की याच्या, ते त्यांनाच ठाऊक.

भाऊनं लिफाफा हातात घेतला. अंगठा त्या गोलावरून फिरवला. शाईचा एक काठ दाट होता, एक फिकट. "माहा बा डाव्या बाजूनं जोर द्यायचा," तो म्हणाला, "उजव्या खांद्यात त्याच्या दुखणं होतं."   त्याची बायको आतून आली, तिनं पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला.

निघताना मी पाकीट त्याच्याकडे ठेवलं, कारण रांगेत त्याचीच पाळी होती. म्हटलं, "एक घेतलं आहेस, एक ठेवायला विसरू नको."

"नाही विसरत," तो म्हणाला.

पुढे पाकीट बपेऱ्याला जाऊन माझ्याकडे आलं तेव्हा मी दुकानात एकटीच होते. उघडलं. गुरुजींच्या सुनेची निवड होती, ती होतीच. तिच्या खाली एक साधं पोस्टकार्ड होतं, नव्यानं विकत घेतलेलं. पत्ता माझाच, मजकूर काहीच नाही. त्यावर स्वच्छ, जोरात मारलेला एक गोल शिक्का होता. जुन्या गावाचं नाव, आणि त्यापुढे तो 'पुनर्वसन' शब्द.

पवनीपर्यंत सायकल त्यानं हाणली नव्हती. घराशेजारच्या डाकघरात जाऊन त्यानं तो शिक्का मारून आणला होता.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि फोन लावला. "भेटलं," म्हटलं.

"मग?" तो म्हणाला. "एक घेतलं तं एक ठेवा लागते ना ताई. आमच्या गावचा आहे."